उजवा गुडघा

तार्तूच्या प्रयोगशाळेत नळी येते बर्फाच्या डब्यातून.
लेबलावर आकडा, वय सात, उजवा गुडघा.
नाव लिहायचं नसतं.
पण मला ते ठाऊक आहे: उस्तिन्या,
कारण खाली बाकावर तिचा बाप बसलाय, लुक्यान,
पायपुस सरोवराकाठचा,
मांडीवर कांद्यांची वेणी.
ती डॉक्टरांना द्यावी की नाही, त्याचं ठरत नाहीये.

सांध्यातल्या वंगणाने तार धरायला हवी,
एकतारी पाकासारखी.
हे पाण्यासारखं निथळतं.

मी पेशींना रंग लावते, लेझरपुढून एकेक सोडते.
पडद्यावर ठिपके. ठिपक्यांची जत्रा.
यांच्यात शांत करणाऱ्याही असतात,
मला वाटायचं, त्याच कमी पडत असतील.
मोजल्या.
रक्तातल्यापेक्षा जास्तच निघाल्या.
त्या म्हणतायत, पुरे, पुरे,
आणि बाकीच्या ऐकत नाहीत.

कुंपणानेच शेत खाल्लं, म्हणून हात झटकता येतात.
पण कुंपणाला खरंच वाटतंय
आत ढोर शिरलंय.
त्याला खोटारडं कसं म्हणू?

गेल्या हिवाळ्यात सूज ओसरली होती.
गोठलेल्या सरोवरावर ती बापाच्या ढकलगाडीमागे धावली,
पार मासे धरायच्या भोकांपर्यंत.
सगळ्यांना वाटलं, गेलं.
काही जणी मात्र गेल्याच नव्हत्या,
सांध्याच्या अस्तरात बसून राहिल्या
दिवा बारीक करून.
वसंतात परत सुजला
तोच गुडघा. डाव्याला काही नाही.

त्यांच्या प्रार्थनेत कपाळ जमिनीला टेकवतात.
सगळे वाकतात तेव्हा
खोलीभर एकटी तीच दिसते, उभी.

आणि शुक्रवारची सुई.
औषध पिवळं, म्हणून आता पिवळं दिसलं
की तिला उलटी होते.
अंड्याचा बलक नको, शाळेची बसही नको.
लुक्यानने आपला मासेमारीचा पिवळा कोट
शेजाऱ्याकडे नेऊन टांगलाय.
एकदा शिकलेलं शरीर विसरत नाही,
हे मी यंत्रावर बघते,
तो घरात बघतो.

संध्याकाळी जिना उतरले. बाक रिकामा.
वेणी तिथेच, माझ्यासाठी की विसरून, कळेना.
उचलली तर सगळे कांदे लाल.
त्यांच्या गावात पिवळाच पिकतो,
मैलोन् मैल.
हे त्याने कुठून शोधून आणले असतील?