धुतलेले कप

मंगळवारी सहाला डेलिथ हॉलचं कुलूप काढते.
दार खांद्यानं ढकलावं लागतं, ओलीनं फुगलंय.
दिवसभर ती वेल्समधल्या या दरीत बस चालवते,
गणवेशावरच स्वेटर चढवून येते.
एमरिस हिशेब ठेवतो: बिस्किटं, टेबल टेनिसचे चेंडू,
विम्याचा हप्ता,
आणि ‘इतर’च्या रकान्यात कुणाचे तरी बूट,
ज्यांचे पैसे त्यानंच घातलेत.

कमिटीत तासभर वाद झाला,
वायफायचा पासवर्ड पोरांना द्यावा की नाही.
पोरांना तो केव्हाचाच ठाऊक होता.

काम काय असतं, विचाराल तर
सांगण्याजोगं फारसं नाही.
हरायचं, पण मुद्दाम हरलो हे कळू द्यायचं नाही.
सिगारेटचा वास आला की आधी खिडकी उघडायची,
नाव नंतर घ्यायचं, एकट्यात.

नऊला बंद, असं दारावर लिहिलंय.
सव्वानऊ झाले. येस्टिन अजून पायरीवर.
“येतीलच,” तो म्हणतो.
कुणी विचारलेलं नसतं.
वळणावर एक गाडी दिसते, खाली निघून जाते.

डेलिथ धुतलेले कप पुन्हा नळाखाली धरते.
एमरिस बेरीज पहिल्यापासून करतो, मोठ्यानं,
आणि चुकतो.
पायरीवरून आवाज येतो, “सदतीस. छत्तीस नाही.”
“बरं झालं बाबा, तू होतास.”
डेलिथ त्याच्याकडे फडकं फेकते.

सतरा कप.
एकेक तो पुसतो, कानापासून बुडापर्यंत,
इतक्या सावकाश
की त्यालाही कळलं असावं.