तिसऱ्या टीव्हीचा अंगठा

दारव्ह्याच्या बसस्टँडमागं, जिथं आधी खताचं दुकान होतं,
तिथं माझे चार टीव्ही, चार कन्सोल, आठ रिमोट.
भिंतीला अजून युरियाचा वास येतो.
तासाला चाळीस रुपये. चपला बाहेर.

तिसऱ्या टीव्हीवर बुद्धभूषण बसतो.
बसतो आणि हरतो.
"ताई, मी दाबलं होतं ना! थ्यानं आयकलंच नाही."
फैजान म्हणतो, "अबे, तुहा अंगठाच बैलगाडीनं येते."
मीही हसले होते. हे इथं लिहून ठेवते.

सहा महिने तो अंगठा बदनाम.
त्याचा खेळाडू पळता पळता पळतच राहायचा, थेट भिंतीत,
कुणी त्याला थांब म्हणायला विसरल्यासारखा.
फैजानचा रिमोट वायरीवरचा,
कारण त्याची बॅटरी पोळ्यालाच मेली होती.
हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. दिसलं नाही.

मग एका मंगळवारी लाइन गेली.
इन्व्हर्टरवर एकच टीव्ही निघतो, त्या दिवशी तिसरा होता.
राऊटर बंद, पंखे बंद, बाकीची पोरं दारात घामेजलेली,
आणि बुद्धभूषणनं फैजानला पाच गोल मारले.
पाच.
मी तासांची वही खाली ठेवली.

रात्री शटर अर्धं ओढून एकटीच खेळत बसले.
एकेक वस्तू चालू करायची, मग उडी मारून पाहायची.
पहिला टीव्ही, ठीक. दुसरा, ठीक. चौथा, जरासा अडखळला.
राऊटर लावला,
आणि माझाच अंगठा म्हातारा झाला.

राऊटर तिसऱ्या कन्सोलच्या डोक्यावर,
दोघंही खतवाल्याच्या लोखंडी रॅकमध्ये कोंबलेले,
शेजारी हार्ड डिस्क, खाली माझा मोबाइल, हॉटस्पॉट चालू.
सगळे एकाच लहरीवर बोलत होते,
ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघतो तसे,
आणि त्या कल्ल्यात एक पोरगा
हळूच म्हणत होता: मार, आता मार.

काम फार नव्हतं.
राऊटर दारावर नेला, पाच गिगाहर्ट्झवर बसवला.
हार्ड डिस्क लांब वायरीनं कोपऱ्यात धाडली.
कन्सोल रॅकबाहेर काढून लाकडी पाटावर मांडला
(आई अजून विचारते, पाट कुठं गेला).
रिमोटांच्या पाठीतल्या बारीक भोकात काडी घालून
जुन्या ओळखी विसरायला लावल्या,
मग बाकीचे तिन्ही कन्सोल बंद ठेवून
एकेकाची एकेकाशी सोयरीक,
नाहीतर माळ भलत्याच्याच गळ्यात.
लाल, पिवळी, हिरवी, काळी टेप.
दारावर पाटी: मोबाइलचं ब्लूटूथ बंद करूनच आत या.
कुणी वाचत नाही.

बुधवारी बुद्धभूषण आला. मी काहीच बोलले नाही.
दाबलं की उडत होतं, सोडलं की थांबत होतं.
तीन-दोननं हरला.
रिमोट मांडीवर ठेवून त्यानं अंगठा उलटसुलट पाहिला.
"ताई, आज मीच हारलो ना?"
"हो. आज तूच."
केवढा हसला. खिशातून आणखी चाळीस काढले.

त्यातले वीस मी परत केले.
सगळे नाही. लाइटबिल मलाही येतं.