मंजूर

गुरुवारी दुपारी अडीच वाजता
रम्सच्या किनाऱ्याला मान्यता मिळाली.
म्हणजे किनारा होताच;
मान्यता मिळाली त्याच्या आराखड्याला,
पानं दोनशे बारा, नकाशे सोळा,
त्यातले नऊ माझ्या हातचे.

तिसऱ्या मजल्यावर केक कापला.
वर्गीसनं वरचं निळं क्रीम
बोटानं सरळ निपटलं आणि म्हणाला,
भरतीरेषा एकदाची हलायची थांबली.
सगळे हसले. मीही.

दोन वर्षं मी ती रेषा काढत होते.
उधाणाला पाणी कुठवर येतं,
भांगाला कुठे थबकतं,
शमाल सुटला की किती पावलं जास्त.
लोखंडी खुंट्या ठोकल्या अठ्ठावन्न,
डोक्यांना नारिंगी रंग.
तिवरांच्या चिखलात एकदा बूट असा रुतला
की तिथंच सोडून आले,
एक पाय अनवाणी, गाडीपर्यंत.
अहवालात त्याचा उल्लेख नाही.

अहवालात तिवरं आहेत, हेक्टरमध्ये.
अग्निपंख, हिवाळ्यापुरते.
कासव, 'आढळण्याची शक्यता'.
आणि परिशिष्ट चारच्या तळाला एक ओळ,
'पारंपरिक वापर : किरकोळ'.

तो किरकोळ वापर म्हणजे खल्फान बिन सुलूम.
वय विचारलं तर म्हणतो,
मोती संपले, त्यानंतरचा.
पहाटे तारेचे गरगूर होडीत रचतो,
पालथ्या टोपल्यांसारखे एकावर एक,
आणि आल्यावर होडी बांधतो
माझ्या एकेचाळीस नंबरच्या खुंटीला.
मी तीनदा नोटीस दिली.
तिन्ही नोटिसा परत आल्या,
आत सुकी मासळी बांधून.

संध्याकाळी त्याला सांगायला गेले.
ओहोटी लागली होती. खाजणाचा वास अगदी दाभोळचा,
फक्त माडांच्या जागी खजुरी
आणि मागे बोडके डोंगर, भाजल्या विटेच्या रंगाचे.
मोडक्या अरबीत म्हटलं, कागद झाला.
सही झाली. आता इथं हॉटेल नाही, भराव नाही,
पन्नास मीटर आत भिंतसुद्धा नाही.
पुढचा शब्द काही आठवेना,
तेव्हा आपलाच टाकला :
मंजूर.

जाळ्याची सुई हातातच राहिली त्याच्या.
मंजूर? त्याच्या तोंडी 'ज' जरा जड.
हा तर आमचा शब्द.
म्हणजे पाहिलेलं. डोळ्यांनी.
मग विचारलं,
कुणी पाहिलं?

मी समितीची नावं सांगितली. सात.
तो एकेका नावाला मान हलवत गेला.
नाही, हा आला नाही.
हाही नाही.
हा आला होता, बापाचं बोट धरून,
चिंबोरीनं अंगठा धरला तेव्हा केवढा रडला.
हा नाही.
सातवं नाव संपलं. तो उठला,
होडीच्या नाळेत हात घातला :
आणि हा कुणाचा?

माझाच. डावा.
मिठानं पांढरा पडलेला,
आत गळाची दोरी नीट गुंडाळून ठेवलेली.
गेल्या उधाणानंतर सापडला, म्हणाला,
आणि समुद्राकडे नाही,
जमिनीकडे हात केला.

एकेचाळीस नंबरच्या खुंटीपासून
त्या जागेपर्यंत मी पावलं मोजली.
एकोणीस.
तो मोजत नव्हता. सुईत दोरा ओवत होता.

बूट मी परत मागितला नाही.
दोरीला तो बरा आहे.

नऊ नंबरचा नकाशा टेबलावर उघडा आहे.
शिक्का गोल, जांभळा, हात लावला तर अजून उमटतो.
इमारतीत झाडूवाल्याशिवाय कुणी नाही.
मंजूर रेषेच्या आतल्या अंगाला
मी पेन्सिलीनं, अगदी पुसट,
एकोणीस पावलांवर
एक टिंब दिलं.
शेजारी काय लिहावं
ते अजून ठरत नाही.