रिकामपट्टी

दार तीनदा वाजवायचं,
मधे वीस आकडे मोजायचे.
मग पत्रपेटीत दोन बोटं घालून बघायचं
जाहिरातींचे किती थर बसलेत.
उंबऱ्याच्या फटीतलं गवत,
घंटेची लोंबणारी तार,
आणि शेवटी पाणीखात्याचा आकडा:
वर्षभरात तीन घनमीटर.
तीन घनमीटर म्हणजे गळका नळ.
माणूस नव्हे.

लुटगार्ड हे सारं वहीत लिहिते, पेन्सिलीनं,
कारण गेंटच्या भुरभुर पावसात शाई फुटते.
कालव्यापलीकडे, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या पाठीला
ही विणकर गल्ली. एकशे बारा घरं.
एकोणीस तिच्या वहीत.

पालिकेनं कराला नाव दिलंय हातभर लांब,
पोटकलमांसकट.
आपण म्हणू रिकामपट्टी.
पहिल्या वर्षी एकपट, मग दुप्पट, मग तिप्पट,
घर जितकं गप्प तितका आकडा बोलका.
पट्टी जखमेवर बांधतात,
पट्टीनं शाळेत तळहातावर मारतात,
ही त्यातली कुठली
ते गल्लीनं अजून ठरवलेलं नाही.

बाव्हो डस्ट्रोपरची इथं चार घरं.
तो स्वतः समुद्राकाठी राहतो.
चारही खिडक्यांत दिवा लागतो सातला,
विझतो साडेदहाला, एकाच क्षणी.
इतकी शिस्त जिवंत माणसांत नसते,
लुटगार्डनं लिहिलं, मग खोडलं,
आणि नुसतं लिहिलं: टायमर.
फोनवर तो हसला. म्हणाला,
बाई, भाडेकरू घेतला की राहतो.
कर भरला की सुटतो.
गिरणीचे फ्लॅट होऊ द्या, मग बघू.

एक्केचाळीस नंबर ओडिल म्हाताऱ्याचा.
वृद्धाश्रमात, खिडकीशी, पायांवर चौकड्यांची शाल.
सवलतीची मुदत संपली, तिनं सांगितलं.
विकून टाका, नाहीतर तिप्पट होईल.
होऊ दे, तो म्हणाला.
भावाच्या घशात जाण्यापेक्षा
पालिकेनं खाल्लेलं बरं.
आणि सही केली, ठळक,
लग्नाच्या नोंदवहीत करावी तशी.

नगरभवनात पुनर्विकासाची प्रतिकृती आहे, काचेखाली.
स्पंजाची झाडं. पांढरी, बिनचेहऱ्याची माणसं
कालव्याकाठी चाललेली, सगळी एकाच दिशेला.
जेवणाच्या सुट्टीत लुटगार्ड वाकून घरं मोजते.
एकोणचाळीस आहे.
पंचेचाळीस आहे.
मधे सायकलींची वाट, हिरव्या कागदाची, नीट चिकटवलेली.

त्रेचाळीसमध्ये एलमास राहते.
सासरा गिरणीत गेला, नवराही, मग गिरणीच गेली.
मधल्या भिंतीतून ओल येते तिच्या स्वयंपाकघरात,
मिठासारखा पांढरा पापुद्रा,
बोट लावलं की झडतो.
वर एका खोलीत मुलगा, सून, तीन नातवंडं.
पालिकेच्या घरांच्या यादीत त्यांचा क्रमांक
दोन हजार तीनशे सोळा.
गेल्या वर्षी दोन हजार तीनशे चार होता.
यादी मागं कशी सरकते, एलमासनं एकदा विचारलं होतं.
लुटगार्डनं कॉफी पिऊन टाकली होती, गरमच.

या वर्षी एक्केचाळीसचा आकडा आला:
सत्तेचाळीस घनमीटर.

ती गेली. दार तीनदा वाजवलं.
पेटीत जाहिराती तशाच, चिंब, फुगलेल्या.
उंबऱ्यातलं गवत उभं, कुणी तुडवलेलं नाही.
म्हणजे वाट पुढून नाही.
भिंतीतून असेल, ओल येते तिथून.
एक, दोन, तीन.
अकराला आत काहीतरी पडलं,
चमच्याएवढं.
बाराला कुणीतरी कुणाच्या तरी तोंडावर हात ठेवला,
ते ऐकू येत नाही, पण कळतं.
दाराच्या दोन्ही बाजूंना आकडे चालले होते.

वीस झाले.
शेजारच्या खिडकीत एलमास पडदा धरून,
ना आत, ना बाहेर.

लुटगार्डनं पेन्सिलीला टोक काढलं.
लाकडाची साल उंबऱ्यावर पडली, गवतात.
मग लिहिलं, सावकाश:
क्र. ४१. घर रिकामं.
पाणीवापर जास्त.
कारण: गळका नळ.