एकशे त्रेसष्ट दिवस

बाबांच्या आजाराची पत्रं बिस्किटांच्या डब्यात आहेत.
निळा पत्र्याचा डबा, झाकणावर तीन शिडांचं गलबत.
एकोणीस लिफाफे. उघडला की अजून लोण्याचा वास येतो.
लेमविगच्या डॉक्टरचं, मग होल्स्टेब्रोचं, मग ऑर्हूसचं,
मग पुन्हा लेमविगचं:
नमुना मिळाला. नमुना पुढे पाठवला आहे.
नमुना आमच्याकडे आलेला नाही, कृपया कळवावे.

थ्युबोरोनची टपालवाली तेव्हा मीच.
लाल जाकीट, आणि समुद्राकडून असा वारा
की सायकल ढकलतच न्यावी लागे.
बंदरामागच्या गल्लीत आमचं घर.
तिथे मी लेक म्हणून नाही, टपाल म्हणून शिरायचे,
लिफाफा टेबलावर ठेवायचे, कॉफी नको म्हणायचे.

बाबा जाळी सांधायचे. चष्मा काढून म्हणायचे,
"भोकाला मालक नसतो बघ.
दोरी मात्र दोन्हीकडची असते."
डॉक्टर एकही वाईट नव्हता.
प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं,
आणि त्या चोख कामांच्या मधल्या जागेत
बाबांचं बावीस किलो वजन गेलं.

सरकारी काम, सहा महिने थांब, म्हणतात.
आम्ही मोजले. पहिल्या रक्ताच्या खोकल्यापासून पहिल्या सलाईनपर्यंत
एकशे त्रेसष्ट दिवस.
म्हणीपेक्षा सरकार जरा लवकरच आलं.

यंदा आस्गर. माझा धाकटा भाऊ.
गुरुवारी दुपारी फोन वाजला, विबेके नावाची नर्स.
म्हणाली, आता सगळं माझ्यामार्फत,
हा माझा नंबर, शनिवारीही उचलते.
सोमवारी स्कॅन. बुधवारी सात डॉक्टर एका टेबलाशी बसले,
आणि संध्याकाळी विबेकेनं विचारलं,
कुत्र्याला कोण सांभाळणार?
तेही तिच्या कागदावर होतं.
बाराव्या दिवशी ऑपरेशन.
"ही माणसं घाबरायलाही वेळ देत नाहीत,"
आस्गर कुरकुरला. सोल्वायला वेळ मिळाला तो
दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, मशीनसमोर,
मुठीत नाणी, मागे तीन गाड्या,
कुणीही हॉर्न वाजवला नाही.

आता समितीनं मला बोलावलं.
दिवस मोजायचा नियम ठेवायचा
की खर्चापायी सैल करायचा,
यावर घरच्या माणसांचं म्हणणं हवं होतं.
प्रत्येकी तीन मिनिटं.
मी डबा घेऊन गेले.
गलबत बघून अध्यक्षीणबाई हसल्या,
त्यांच्याकडेही तसाच होता, त्यात बटणं.
मी आकडा सांगितला. लिहिणारा मुलगा थांबला,
पुन्हा विचारला, पुन्हा सांगितला.
म्हटलं, नियम ठेवा.
आणि विबेकेच्या जोडीला आणखी दोघी द्या.
ती रजेवर होती तो आठवडाभर
आस्गर परत लिफाफा झाला होता.

मग घंटा वाजली. बरं झालं.

अकरावं पत्र मी डब्यातून काढलं नव्हतं.
ते शुक्रवारी आलेलं. ऑर्हूसचा शिक्का,
पातळ; पातळ पत्रात काय असतं ते मला कळायला लागलं होतं.
शनिवारी बाबांची सत्तरी होती.
शेजारी येणार होते, ईल धुरावून तयार होती,
मामा बर्गेनहून बोटीनं निघालेला.
मी ते जाकिटाच्या आतल्या खिशात घातलं.
बाबा त्या रात्री उभं राहून गायले, बेसूर,
दोनदा खोकले, तिसऱ्यांदा खुर्चीचा हात धरला.
सोमवारी टेबलावर ठेवलं, नेहमीसारखं.
आत एवढंच:
तारखेसाठी लगेच फोन करावा.

आस्गरचं पुढचं स्कॅन नोव्हेंबरात.
तारीख फोनवर कळली, कागद आला नाही.
मी अजून सकाळी दहाला दाराकडे बघते.

एकशे त्रेसष्ट. आकडा बरोबर आहे,
काल पुन्हा मोजला.
त्यातले तीन माझ्या खिशात होते.