मूळ

त्सुम्स्टाइन बर्नहून आले तेव्हा
शासरालच्या डोंगरावर धुकं होतं, माझी कॉफी निवलेली.
रुमालाची घडी उलगडून म्हणाले, "वडिलांचं.
कधी कुणाकडे उघडायलासुद्धा दिलं नाही त्यांनी.
सगळं मूळ आहे, एवढंच फक्त लिहून द्या."

असं फक्त नसतं.
मी भिंग डोळ्याला चढवलं.

आधी कान पाहिले, पट्टा अडकतो ते.
धारा अजून बोटाला लागत होत्या,
म्हणजे पॉलिशच्या चाकावर धरून
कुणी त्यांचं लोणी केलेलं नाही.
तबकडी जुन्या दातासारखी पिवळी,
आकडे कडेला विटलेले, पण सगळे एका हातचे.
नव्याने रंगवतात तेव्हा सहाचं पोट शाईने भरून येतं.
इथे ते रिकामं होतं. बरं वाटलं.
किल्ली मात्र नंतरची.
"किल्ली झिजतेच," मी म्हटलं, "चपलेच्या टाचेसारखी.
तिचं कुणी मनावर घेत नाही."
ते हसले नाहीत.

मग काटे.
निळे, सुईसारखे, निर्दोष.
इतक्या वयात कुणी निर्दोष दिसलं
की माझ्या अंगावर काटा येतो.
दिवा तिरपा केला.
तबकडीवर, आठ-वीसच्या जागी,
दोन तपकिरी डाग, एक आखूड, एक लांब,
मधे फुगीर, टोकाला निमुळते, विलोच्या पानासारखे.
रेडियम भरलेले काटे कुठल्याशा ड्रॉवरमध्ये
वर्षानुवर्षं एकाच वेळेवर थांबले असणार,
आणि खालचा रंग सावकाश करपत गेला असणार.
पुढे काटे गेले.
करपलेलं तसंच राहिलं.

"हे मूळचे नाहीत."
"शक्यच नाही," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मागचं झाकण उघडलं. आत,
मुंगीने पाय घासावेत इतक्या बारीक ओरखड्यांनी
एक क्रमांक, त्यात एक सात,
मधोमध दोन आडव्या रेघा मारलेला.
तो सात मी ओळखते.
शाळेच्या वहीत माझ्या चुकलेल्या बेरजांखाली असायचा.

वडिलांच्या नोंदवह्या वरच्या फळीवर.
शिडी धरायला त्सुम्स्टाइन उठले.
एकोणसाठचा मार्च. शाईला गंजाचा रंग.
"तेल घातलं. स्प्रिंग नवी.
दोन्ही काटे बदलले, बिनचमकीचे बसवले.
गिऱ्हाईकाचा आग्रह. घरात मूल आहे."

त्यांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली.
"सहा वर्षांचा असेन," ते म्हणाले.
"त्यांच्या मनगटावर गाल ठेवून झोपायचो.
अंधारात दोन हिरव्या काड्या चालायच्या.
एका रात्री दिसेनात.
मला वाटलं, माझ्यावर रागावलेत.
विचारलं, तर म्हणाले, झोप."
बाहेर बिएनची गाडी आली, थांबली, गेली.

वडील काही टाकून देत नसत.
पेपरमिंटच्या एका डबीत, कापसात,
मला एक मिनिटकाटा सापडला, तसलाच, पानासारखा.
तासकाटा नाही.
चिमट्याने धरून डागावर नेला.
बसला. की केसभर लांब होता?
असे काटे त्या काळी खोऱ्यात पोत्यांनी निघत.
हाच तो, असं मी लिहू शकत नाही.

"बसवता येईल?"
"जोडीतला एकच आहे.
आणि चमक मेली तरी रेडियम जागं असतं.
तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरेल."
डबीचं झाकण मीच लावलं.

कागदावर लिहिलं:
यंत्र, मूळ. तबकडी, मूळ. किल्ली, नंतरची.
काटे
इथे पेन जरा अडलं
मूळ नाहीत.
"तारीख पण टाका," ते म्हणाले. "बदलल्याची."
टाकली.

"लिलावात याने किंमत निम्म्यावर येते,"
सांगणं माझं काम होतं, सांगितलं.
ते मनगटावर पट्टा आवळत होते,
मग घड्याळाला चावी द्यायला लागले.
ती नंतरची किल्ली
त्यांच्या बोटांतून दोनदा निसटली.