रुग्णाच्या शब्दांत

दोन वर्षं आम्ही शरीर वाचत आलो
वरच्या मजल्यावर, पंख्याखाली.
टेबल नंबर चारवरच्या म्हाताऱ्यानं
कधी कूस बदलली नाही,
चिमटा चुकला तरी हूं की चूं केलं नाही.
फॉर्मलिननं डोळे चुरचुरायचे,
तेवढंच काय ते रडणं.

आज जिना उतरून खाली.
एप्रनवर अजून दुकानातल्या घडीच्या रेषा,
खिशात टॉर्च, टेप, रबरी हातोडी,
गळ्यात स्टेथोस्कोप. तो कसा अडकवायचा
याची काल आरशासमोर तालीम झालेली.
बाहेर सोलापूरचा एप्रिल.
आत बेचाळीस खाटा
आणि तीन-चार भाषांतलं कण्हणं.

चौदा नंबर. मल्लेशम गुंडेटी.
वय अठ्ठावन्न, राहणार साखर पेठ,
चाळीस वर्षं यंत्रमागावर.
मी पाठ केलेलं विचारलं,
'आपल्याला श्वसनाचा त्रास कधीपासून आहे?'
त्यांनी कानामागे हात धरला.
'मागानं कान खाल्ले त्येंचे,' तेरा नंबर म्हणाला,
'मोठ्यानं बोला.'
मग मी ओरडून विचारलं
आणि अख्ख्या वॉर्डानं उत्तर दिलं.
तेरा नंबरनं तर थुंकीचा डबाही पुढं केला.

छातीवर हात ठेवला
आणि दचकले ती मीच.
गरम होती.
इतकी पानं उलटली, कुठेच लिहिलं नव्हतं
की गरम असते.

मधलं बोट मधल्या बोटावर आपटायचं,
मनगटातून, कोपरातून नाही.
महिनाभर वाजवलं होतं मी
हॉस्टेलच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपावर,
तरन्नुमच्या पाठीवर, ती झोपेत असताना.
इथे उजव्या बरगडीखाली ठक्क झालं.
की झालं असं मला वाटलं?
मल्लेशम छताकडे बघत राहिले,
आपल्यावर कुणीतरी शिकतंय
हे ठाऊक असलेल्या माणसासारखे.

राऊंडला बिराजदार मॅडम.
'धाप,' मी वाचलं, 'तीन महिन्यांपासून.'
त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.
'हा शब्द त्यांचा?'
नाही मॅडम.
'मग कुणाचा?'
आणि राऊंड पंधरा नंबरकडे सरकला.

गेटबाहेर लिंबाखाली पद्मव्वा,
मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू.
संध्याकाळपर्यंत हजार विड्या द्यायच्यात.
आमच्या वहीत या बाईवर
पाच मार्कांचा प्रश्न आहे:
धोके लिहा, उपाय सुचवा.
ते पाचही मार्क मी गिळले
आणि तिच्याशेजारी फुटपाथवर टेकले.
'घरी काय म्हणतात ते? रात्री? तुम्हाला?'
बोटं न थांबवता ती म्हणाली,
'ऊपिरि आडतलेदु.'
म्हणजे?
तिनं पान वळलं, दोरा गुंडाळला, तोडला.
'म्हंजे... श्वास खेळंना.'
मग माझ्याकडे बघून,
'जेवलीस का गं? व्हट सुकलेत.'

'मुख्य तक्रार, रुग्णाच्या शब्दांत'
असं छापलेलं असतं केस पेपरवर.
त्याच्यापुढची धाप खोडली,
तेलुगू देवनागरीत लिहिली,
वेलांटी चुकली असेल.
मॅडम 'हं' म्हणाल्या. एवढंच.
मग म्हणाल्या, 'आता ऐक.'

पाठीला स्टेथोस्कोप लावून
खूप वेळ ऐकत राहिले.
काय ऐकलं
ते त्यांना नीट सांगता आलं नाही.

रात्री वीज गेली.
फुप्फुसाचं पान उघडंच, त्यावर मेणबत्ती.
तरन्नुम वहीनं वारा घेत म्हणाली,
'हवाच खेळत नाही गं आज.'

मी उठले, खिडकी उघडायला गेले.
उघडीच होती.